आधी नखं दाखवा

सांधे दुखतात म्हणून आलेल्या माणसाला मी गुडघ्याआधी नखं दाखवायला सांगतो. बहुतेकांना ते विचित्र वाटतं. दुखतोय गुडघा, पिशवीतून एक्स-रे आणलाय तोही गुडघ्याचाच, आणि हे डॉक्टर नखं काय बघत बसलेत? पण शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे नखांवर दिसले, किंवा नख पुढून सुटून त्याच्याखाली पिवळट डाग दिसला, की माझे पुढचे प्रश्न बदलतात. डोक्यात कोंडा फार होतो का? कानामागे, बेंबीत, नितंबांच्या मधल्या घडीत चट्टे आहेत का? घरात कुणाला सोरायसिस आहे का? आईवडील, भावंडं, आजी, काका, मामा, कुणालाही? सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो? या प्रश्नांची उत्तरं कित्येकदा त्या पिशवीतल्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त सांगून जातात.

सोरायसिस हा त्वचेचा आजार म्हणून बहुतेकांना ऐकून माहीत असतो. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात जाड चट्टे येतात आणि त्यांवरून पांढरे खवले सुटतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे चट्टे पुस्तकातल्या चित्रांसारखे लालबुंद दिसत नाहीत. ते जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसतात, म्हणून गजकर्ण किंवा इसब समजून त्यांवर वर्षानुवर्षं भलतीच मलमं चोळली जातात. आजार स्पर्शाने पसरत नाही. दिसतो कातडीवर, पण बिघाड असतो शरीराच्या प्रतिकारयंत्रणेत. ही यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते आणि तिचा मोर्चा सांध्यांकडे वळला, की त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. जगभरच्या पाहण्यांनुसार सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना तो होऊ शकतो. भारतातल्या पाहण्यांतले आकडे सहसा त्याहून कमी आहेत. तिशी ते पन्नाशी हे त्याचं नेहमीचं वय, आणि स्त्री-पुरुष असा भेद तो फारसा करत नाही. बहुतेकांच्या त्वचेवर आधी चट्टे येतात आणि सांधे नंतर धरतात, पुष्कळदा काही वर्षांनी. सुमारे पंधरा टक्के लोकांत क्रम उलटा असतो: सांधे आधी, चट्टे मागाहून.

अडचण नेमकी इथे आहे. चट्टे त्वचेच्या डॉक्टरांकडे जातात, टाच हाडांच्या डॉक्टरांकडे, लाल झालेला डोळा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि कंबर तर कुणाकडेच जात नाही. ती बसून काम केल्याने किंवा बाळंतपणाने दुखते असं घरातच ठरून जातं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या भागापुरता बरोबर असतो. पण सगळं शरीर एकत्र बघणारा कुणी भेटेपर्यंत मधली काही वर्षं निघून जातात. हे पुस्तक त्या वर्षांविषयी आहे, आणि ती वाचवता कशी येतील याविषयी. लेखिका या आजाराच्या रुग्ण आहेत, डॉक्टर नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकात सहसा न सापडणाऱ्या गोष्टी इथे आहेत. सकाळी कुकरचं झाकण न लागणं, साडीच्या निऱ्या धरता न येणं, लोकलमध्ये वरची कडी पकडायला हात न उचलला जाणं. प्रस्तावनेत मी वैद्यकाची बाजू तेवढी मांडतो, म्हणजे त्यांचं लिखाण वाचताना पायाखाली थोडी जमीन राहील.

हा एक वेगळा आजार आहे हे मान्य व्हायलाच वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षं लागली. सोरायसिस आणि सांधेदुखी एकाच माणसात दिसतात ही नोंद अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी १८१८ मध्ये केली होती. १८६० मध्ये त्यांच्याच देशातल्या पिएर बाझँ यांनी त्याला नावही दिलं. तरी पुढची कित्येक दशकं समज असाच होता की माणसाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि योगायोगाने सोरायसिसही आहे. १९४० च्या दशकात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरची (रोजच्या भाषेत 'आरए'ची) रक्ततपासणी आली, आणि सोरायसिसच्या रुग्णांचे सांधे सुजलेले असूनही ती तपासणी बहुधा निगेटिव्ह येते हे लक्षात येऊ लागलं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या व्हर्ना राइट यांनी पन्नासच्या दशकात हा धागा धरून ठेवला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने या आजाराला स्वतंत्र स्थान दिलं. १९७३ मध्ये मोल आणि राइट यांनी त्याच्या पाच तऱ्हा सांगितल्या: बोटांच्या टोकाकडचे सांधे धरणारी, चार-दोन सांधे दोन्ही बाजूंना सारखे न धरणारी, दोन्ही बाजूंचे बरेच सांधे धरणारी, पाठीचा कणा धरणारी, आणि बोटांची हाडंच झिजवून टाकणारी. शेवटची विरळ, पण सगळ्यांत क्रूर.

गंमत बघा. ज्या निगेटिव्ह रिपोर्टामुळे हा आजार वेगळा ओळखता आला, तोच निगेटिव्ह रिपोर्ट आज तो नाकारायला वापरला जातो. 'आरए निगेटिव्ह आहे, तुम्हाला संधिवात नाही' हे वाक्य ऐकून सुटकेचा निःश्वास टाकलेले किती रुग्ण पुढे वाकड्या बोटांनी आमच्याकडे आले असतील. २००६ मध्ये निदानाचे जे आंतरराष्ट्रीय निकष आले, त्यांत आरए निगेटिव्ह असण्याला उलट एक गुण दिलेला आहे. त्याच निकषांत अंगावर आज सोरायसिस असायलाच हवा अशी अट नाही. पूर्वी होऊन गेलेला असेल, जवळच्या नातलगाला असेल, तरी तो मोजला जातो. नखांनाही गुण आहे. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्या तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत नॉर्मल असतात. म्हणजे हा आजार कागदावर सापडत नाही. तो हात लावून, कपडे बाजूला सारून, प्रश्न विचारून शोधावा लागतो. आपल्या ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या मिनिटांत हे बसत नाही, हेही खरं.

चुकीच्या निदानांची यादी मोठी आहे. त्यातली दोन आपल्याकडे फार चालतात. पहिलं युरिक ॲसिडचं. सोरायसिसमध्ये कातडीच्या पेशी फार वेगाने बनतात आणि झडतात, त्यामुळे रक्तातलं युरिक ॲसिड थोडं वाढलेलं सापडू शकतं. त्यात पायाचा अंगठा सुजला, की गाउटचा शिक्का बसतो. मग डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. शाकाहारी घरातल्या माणसाच्या ताटात उरतं काय? भात, पोळी आणि भीती. दुसरं चिकनगुनियाचं. २००६ च्या मोठ्या साथीनंतर महाराष्ट्रात कुठल्याही रेंगाळणाऱ्या सांधेदुखीला चिकनगुनियाचा वात म्हणायची सवय पडली. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखतात हे खरंच आहे. पण त्या नावाखाली इतर आजारही खपून जातात, आणि अशा दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या क्लोरोक्विनच्या जातीच्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस उसळतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या आजारांची पाहणी झाली, तेव्हा अशी दुखणी ही गावातली सर्वांत मोठी तक्रार निघाली. दुखणाऱ्यांच्या एवढ्या गर्दीत सुजेचा संधिवात असलेले थोडेच असतात, आणि थोडे असतात म्हणूनच ते हरवतात.

मग ओळखायचं कसं? श्रमाने दुखणारा सांधा विश्रांतीने बरा वाटतो. हा आजार उलट वागतो. पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अंग अर्धा तास, तासभर आखडलेलं राहतं आणि कामाला लागल्यावर सुटतं. एखादं बोट फक्त सांध्याशी न सुजता टोकापासून मुळापर्यंत सगळंच्या सगळं फुगतं. हे लक्षण दिसलं तर काही दिवस वाट बघू असं म्हणू नये. कंडरा जिथे हाडाला चिकटते ती जागा या आजाराची आवडती, म्हणून टाचेच्या मागे किंवा तळव्याखाली दुखतं आणि माणूस महागड्या चपला बदलत बसतो. कधी डोळा लाल होतो, उजेड सोसत नाही. ती तर तातडीची गोष्ट, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची. थकवा इतका असतो की घरच्यांना तो आळस वाटतो. लेखिकेने थकव्यावर लिहिलेलं प्रकरण रुग्णांनी स्वतः वाचण्याआधी घरातल्या इतरांना वाचायला द्यावं.

उशीर किती महाग पडतो? आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की लक्षणं सुरू झाल्यापासून तज्ज्ञांपर्यंत पोचायला सहा महिन्यांहून जास्त वेळ लागलेल्यांच्या सांध्यांची झीज जास्त होती आणि रोजची कामं करायची क्षमताही कमी राहिली होती. सहा महिने म्हणजे आपल्याकडे एक मालिश, दोन काढे आणि 'दिवाळीनंतर बघू'. झिजलेलं हाड कुठल्याही औषधाने पूर्वीसारखं होत नाही. औषध पुढची झीज थांबवतं.

औषधांकडे वळतो, कारण रुग्णांची निम्मी भीती तिथे असते आणि काही भीती योग्यही असते.

वेदनाशामक गोळ्या सूज आणि दुखणं कमी करतात, सौम्य आजारात तेवढ्यावर भागतंही. पण आजार चालू राहून फक्त दुखणं दबलं असेल, तर त्या गोळ्या रुग्णाला फसवतात. रोजच्या रोज वर्षभर घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर त्याची किंमत देतात. एखादाच सांधा हट्टी असेल तर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं आणि ते चांगलं काम करतं. पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडची गोष्ट निराळी. चार दिवसांत चमत्कार होतो, आणि अचानक थांबवलं की सोरायसिस उसळून येतो, क्वचित अंगभर पुवाचे फोड येण्याइतका. म्हणून आम्ही ते फार जपून वापरतो. बिनलेबलच्या पुड्यांत आणि 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी आहेत. जुनाट सांधेदुखी एका आठवड्यात पार गायब झाली, चेहरा गोल झाला आणि साखर वाढली, तर त्या पुडीला नमस्कार करण्याआधी डॉक्टरांना ती दाखवा. फक्त एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

मेथोट्रेक्सेट हे या उपचारांतलं सर्वांत जुनं, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बदनाम औषध. गूगलवर नाव टाकलं की कॅन्सर हा शब्द समोर येतो आणि रुग्ण घाबरून गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकतो. कॅन्सरला ते मोठ्या मात्रेत देतात. सांध्यांना आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम इतकंच. त्याच्या मागची गोष्ट मात्र आपल्याला सांगायला हवी. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं आणि त्याच्या उलट काम करणारी औषधंही बनवली. त्यातलं एक अमिनोप्टेरिन, दुसरं मेथोट्रेक्सेट. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या गबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन देऊन पाहिलं, तर सांध्यांबरोबर सोरायसिसचे चट्टेही ओसरताना दिसले. पुढे तुलनेने सुरक्षित म्हणून मेथोट्रेक्सेट वापरात आलं. आज आमचा रुग्ण आठवड्यातून एक दिवस मेथोट्रेक्सेट घेतो आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून इतर दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्यांचा उगम एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतला. नोबेल त्यांना मिळालं नाही, आपल्या पाठ्यपुस्तकांतही त्यांचं नाव क्वचित भेटतं.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य पुस्तकात किमान चार ठिकाणी आहे, आणि ते चारही ठिकाणी राहू द्या असा आग्रह मी लेखिकेकडे धरला. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात आणि माणूस दगावू शकतो. चूक कुणाचीही होते. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, दुकानात नवा मुलगा असतो, गावाकडे गोळ्या देणाऱ्या सुनेला कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून वार ठरवायचा आणि तो फाइलवर मराठीत पूर्ण लिहून घ्यायचा: 'फक्त रविवारी'. आमच्याकडचे जुने रुग्ण तिला रविवारची गोळीच म्हणतात. सुरुवातीला दर महिन्याला आणि मग दोन-तीन महिन्यांनी रक्तातल्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड तपासायचं. दारू टाळायची. मूल हवं असेल तर स्त्रीने आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचं, कारण गर्भाला त्याचा गंभीर धोका असतो. लग्न ठरलेल्या मुलींच्या आया ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवतात आणि आजार सासरच्यांपासून. दोन्ही लपवण्यांची किंमत ती मुलगी मोजते.

मेथोट्रेक्सेट न सोसणाऱ्यांसाठी सल्फासलाझिन आहे, लेफ्लुनोमाइड आहे. कणा धरलेला असेल तर ही गोळ्यांची मंडळी फारशी उपयोगी पडत नाहीत, तिथे पुढची पायरी लवकर गाठावी लागते. ती पायरी म्हणजे बायोलॉजिक इंजेक्शनं.

त्यांनी काय बदललं हे कळायला दोन माणसं शेजारी ठेवून बघावीत. डेनिस पॉटर हे इंग्लंडचे मोठे टीव्ही नाटककार. तरुणपणीच त्यांना हा आजार जडला. १९८६ मध्ये बीबीसीवर आलेल्या त्यांच्या 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या मालिकेचा नायक याच आजाराने रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला एक लेखक आहे, अंगभर सोललेला, हातात पेन धरता न येणारा. त्या काळात जुन्या गोळ्यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फार थोडं होतं. दुसरा माणूस अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेलसन. २०१० मध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर सकाळी उठताना त्याला पाऊल टाकणं मुश्कील झालं. निदान झालं, इंजेक्शनं सुरू झाली. २०१३ मध्ये त्याने ब्रिटिश ओपन जिंकली आणि २०२१ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिप. तो त्याच औषधाच्या जाहिरातींत झळकत होता हेही सांगायला हवं, कारण जाहिरातीत हरलेला रुग्ण कधी दिसत नाही. बायोलॉजिक सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. एक चालत नसेल तर दुसरं घ्यावं लागतं, आणि चाललेलंही काही वर्षांनी थकू शकतं.

ही औषधं प्रतिकारयंत्रणेतला एकेक निरोप अडवतात. टीएनएफ नावाचा निरोप अडवणारं एटानरसेप्ट २००२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. मग अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब आली. पुढे इंटरल्युकिन-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅब आलं, जे त्वचेवर विशेष चांगलं चालतं. अलीकडे टोफासिटिनिबसारख्या गोळ्याही आहेत, पण वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा हृदयरोग असलेल्या माणसांना त्या देताना दहा वेळा विचार करावा लागतो. प्रत्येकाचं स्थान पुस्तकात नीट मांडलं आहे, म्हणून इथे लांबण लावत नाही.

दोन गोष्टी मात्र खास आपल्या मातीतल्या. एक क्षयरोग. आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात आणि टीएनएफ अडवलं की ते जागे होऊ शकतात. म्हणून बायोलॉजिकच्या आधी छातीचा एक्स-रे, माँटू किंवा रक्ताची इग्रा तपासणी, शिवाय कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी हे सगळं होतं. झोपलेला क्षय सापडला तर आधी त्याचं औषध सुरू करतात. रुग्णाला वाटतं डॉक्टर उगाच वेळ आणि पैसे घालवतायत. याच एका बाबतीत घाई नको. दुसरी गोष्ट पैशाची. ही इंजेक्शनं मध्यमवर्गालाही जड जातात. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने अडालिमुमॅबची प्रतिकृती बाजारात आणली. त्या औषधाची जगातली ती पहिली बायोसिमिलर. मग इतर कंपन्याही उतरल्या आणि किमती खाली आल्या. तरी महिन्याचा खर्च हजारांच्या घरात राहतो आणि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या इंजेक्शनाला विमा कंपन्या पुष्कळदा हात वर करतात. पैसे संपले म्हणून मधेच औषध तोडणारे रुग्ण मी बघतो. त्यांनी लाजून गायब होण्यापेक्षा तसं तोंडावर सांगावं. अंतर वाढवणं, मात्रा बदलणं, स्वस्त औषधावर परत येणं, असे मार्ग काढता येतात. गायब झालेल्या रुग्णासाठी काहीच काढता येत नाही.

औषध कुठलंही असो, ते किती चाललंय हे मोजायचं कशाने? 'बरं वाटतंय' हे माप नव्हे. 'मिनिमल डिसीझ ॲक्टिव्हिटी' या नावाने सात कसोट्या ठरलेल्या आहेत: दुखणारा सांधा फार तर एक, सुजलेला फार तर एक, कंडरांच्या दुखऱ्या जागा फार तर एक, चट्टे रुग्णाच्याच हाताचे तीन पंजे झाकतील इतपतच, वेदना शंभरात पंधराच्या आत, एकूण त्रास शंभरात वीसच्या आत, आणि रोजची कामं जवळपास विनाअडथळा. सातातल्या पाच जमल्या तर आजार ताब्यात आहे असं धरतात. ब्रिटनमध्ये २०६ रुग्णांवर झालेली 'टायकोपा' चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात निम्म्या रुग्णांना दर चार आठवड्यांनी तपासून, ही पातळी गाठेपर्यंत औषध वाढवत नेलं. उरलेल्यांना नेहमीसारखं बारा आठवड्यांनी बोलावलं. ४८ आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे सांधे आणि त्वचा दोन्ही जास्त सुधारले होते. दुष्परिणामही त्या गटात जास्त होते, ते लपवू नये. औषधं दोन्हीकडे साधारण तीच. फरक पाठपुराव्याचा होता. दर चार आठवड्यांनी येणं आपल्याकडे किती जणांना परवडेल? गडचिरोलीहून नागपूरला, कुडाळहून कोल्हापूरला एका फेरीत एक दिवसाचा रोज बुडतो. पण हे सात आकडे वहीत लिहून फोनवर कळवता येतात. लेखिकेने त्याचा तक्ताच दिला आहे, माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत उपयोगी पान ते.

एका प्रकरणाशी माझं जमलं नाही, तेही सांगतो. आहारावर लेखिकेने बरंच लिहिलंय. आंबट बंद केल्याने, वांगं सोडल्याने त्यांना फरक पडला असेल, त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण दही, चिंच, लिंबू यांनी हा आजार वाढतो याला पुरावा नाही, आणि पथ्यांच्या ओझ्याखाली खरी गोष्ट दबते. खरी गोष्ट वजनाची. स्थूलपणा हा आजार भडकवतो आणि औषधांचा असर कमी करतो. जाड रुग्णांनी वजन पाच-दहा टक्के उतरवलं तर तीच औषधं जास्त चांगली चालतात. सोरायसिसबरोबर मधुमेह, रक्तदाब, यकृतातली चरबी आणि हृदयरोगही जास्त दिसतात. म्हणजे लिंबू सोडून गोड चहा चार वेळा पिणारा रुग्ण पथ्य उलट्या बाजूने पाळतोय. तंबाखू आणि सिगारेट सोडणं हे कुठल्याही भाजी सोडण्यापेक्षा मोठं पथ्य. व्यायाम रोज हवा. सांधा फार सुजलेला असेल तेव्हा हलका, एरवी चालणं, पोहणं, ताकदीचे व्यायाम. आणि चट्ट्यांवरची खपली खरवडायची नाही, कारण सोरायसिसमध्ये जखमेच्या जागी नवा चट्टा उगवतो.

मनावरचं प्रकरण मात्र मी दोनदा वाचलं. केस कापणारा 'दुसरीकडे जा' म्हणतो. सोसायटीच्या तलावात उतरायला मनाई होते. भाकरी थापणाऱ्या हातांकडे पंगतीतले बघत राहतात. वर दुखणं दिसत नाही म्हणून सहानुभूतीही नाही. या आजारात नैराश्य येतं, आणि ते स्वभावदोष समजून सोडून द्यायचं नसतं. त्यालाही औषध आहे, समुपदेशन आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही तर रुग्णाने आपणहून सांगावं.

पुस्तक वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये हे छापावंच लागतं, तेव्हा तेही छापलं असं समजा. माझी विनंती डॉक्टरमित्रांना आहे, विशेषतः त्वचारोगतज्ज्ञांना आणि तालुक्याच्या गावी सगळंच बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना. सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाला वर्षातून एकदा पाच प्रश्न विचारा. सांधा कधी सुजला होता का? संधिवात आहे असं कुठल्या डॉक्टरांनी कधी सांगितलं का? नखांवर खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं बोट विनाकारण सगळंच्या सगळं सुजून दुखलं का? ब्रिटनमध्ये ही प्रश्नावली नेहमीच्या वापरात आहे. तीन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर रुग्णाला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा. वेटिंग रूमच्या भिंतीवर हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लावले तर रुग्ण आत येण्याआधी स्वतःच बोटं मोजून ठेवेल. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ते त्यासाठीच एका बाजूने छापले आहेत. ते पान कापून घ्यायला लेखिकेची आणि माझी दोघांचीही परवानगी आहे.